ट्रेलरवर विमान दिसलं की झालं!

नाशिक हायवेला ट्रेलरवर पंख काढलेलं जुनं मिग लढाऊ विमान दिसलं, की लोकांच्या अंगातच येतं. उजव्या लेनमध्ये करकचून ब्रेक, खिडकीतून अर्धं धड बाहेर, हातात मोबाइल. मागचे हॉर्न बडवून दमतात, भाऊंचा व्हिडिओ काही संपत नाही. तासाभरात तोच फॅमिली ग्रुपवर हजर: ‘युद्ध पेटलं! फॉरवर्ड करा!’ अहो काका, त्याला इंजिन तरी आहे का बघा! शेपटाकडे नुसतं भगदाड. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्येच निवृत्त झालं, आता ते कुठल्यातरी चौकातल्या चबुतऱ्यावर चढायला निघालं असेल. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना १९६४चा, असली शेकडो मिग तिथंच घडली, त्याचं कौतुक शून्य! घ्या की गाडी पुढे, टोलनाक्यापर्यंत रांग लागलीये!