"कोकणात डिप्रेशन नव्हतं" म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. मला चार ग्रुपवरून आला, त्यातला एक तर आमच्या वाडीच्या भजन मंडळाचा. वर माडांचा फोटो आणि खाली साधारण असा मजकूर: आमच्या आजोबांच्या काळात कोकणात डिप्रेशन हा शब्दच नव्हता, हा मोबाइलवाल्यांचा आणि एसीत बसणाऱ्यांचा आजार. रिकामं डोकं असलं की होतो, कुदळ घ्या, समुद्रावर फिरा, आपोआप बरं वाटेल. जो हसतो, जेवतो त्याला डिप्रेशन नसतंच. गोळ्या एकदा चालू झाल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत. वेड्यांच्या डॉक्टरची पायरी चढलात की शिक्का बसला. आणि शेवटी, मरतो मरतो म्हणणारा कधी मरत नाही, कोकणी माणूस खंबीर असतो, शेअर करा.

मी शेअर नाही केला, उत्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण आमच्या घरात हा आजार आठ महिने पडवीत बसून होता आणि आम्ही सगळे मिळून त्याला ह्याच मेसेजमधली वाक्यं ऐकवत होतो, तेव्हा मेसेज लिहिला नसला तरी त्यातलं एकेक वाक्य माझ्या तोंडून गेलेलं आहे.

"आजोबांच्या काळात नव्हतं"

शब्द नव्हता, बरोबर. बीपी हा शब्द तरी कुठे होता, माणूस "एकाएकी गेला" एवढंच म्हणायचे. ह्यालाही दुसरे शब्द होते की. त्याचं मन उडालंय, बाधा झालीय, नजर लागली, कुणीतरी करणी केली. मग देवाला कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं, भगत आणायचा. जुन्या माणसांना विचारून बघा, प्रत्येक वाडीत एखादी बाई असते जी "बाळंतपणानंतर कधी बोललीच नाही", एखादा म्हातारा असतो जो "मुलगा मुंबईला गेल्यावर खाटेवरनं उठलाच नाही". आणि आपल्या रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, पुणे, ठाणे, नागपूर आणि हे. मोबाइल यायच्या आधी ते कुणासाठी बांधलं होतं? आता तिथे जायचे ते बहुतेक जड आजाराचे असणार, नुसत्या उदास माणसाला कोण तिथे नेणार, तो घरातच कोपऱ्यात राहिला असणार, हे मी मान्य करतो. पण मग "नव्हतं" आणि "दिसत नव्हतं" ह्यात फरक आहे एवढं तुम्ही मान्य करा.

शहरात जास्त असतं हे मात्र अगदीच खोटं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मोठा सर्व्हे केला (महाराष्ट्र त्यात नव्हता), त्यात मोठ्या शहरांत प्रमाण जास्त आलं, पण खेड्यातही सापडलंच. साधारण 20 माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन, आणि ज्यांना आहे त्या 100 पैकी सुमारे 85 जणांना उपचारच नाहीत. हे 85 कुठे असतात असं वाटतं? पडवीत.

"काम करा, समुद्रावर फिरा"

ह्या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त लागतं.

आमचे काका. हापूसची कलमं आहेत आणि मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी कणीक लावतात आणि वाजवून झालं की काढून ठेवतात, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. काका ह्या बाबतीत इतके कडक की रात्री दोन वाजता भजन संपलं तरी सुरीने कणीक खरवडून, फडक्याने पुसून, मगच चहा. त्या वर्षी गणपतीत त्यांनी एकच दिवस वाजवला, पखवाज खुंटीला लावला आणि कणीक तशीच ठेवली. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ती कणीक वाळून तडकली होती आणि एका कडेने उंदराने खाल्ली होती, आणि काका त्याच्याच खाली बसून अंगणाकडे बघत होते. मी बघितलं आणि मला काहीच कळलं नाही. उलट म्हणालो, काका, जरा हातपाय हलवा, बरं वाटेल. म्हणाले, "माका काय होऊक नाय रे." डिसेंबरात मोहोरावरची फवारणी चुकली. पंप खळ्यात पडून, माणूस घरात.

आळशी माणूस काम टाळून खूश असतो हो. काकांना काम होत नव्हतं आणि होत नाही म्हणून ते स्वतःला आतल्या आत खात होते, काकीला रात्री सांगायचे, मी तुमच्यावर भार झालोय. ह्या आजारात उमेदच जाते, आणि उमेद गेलेल्याला "उमेद धर" सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळून दाखव म्हणण्यातला प्रकार.

मच्छीमारांचं बघा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. दोन महिने पाऊस, हातात पैसा नाही, बोट वर ओढलेली, माणसं चिडचिडी होतात, पितात पण जास्त, सगळ्यांचंच तोंड पडलेलं असतं. हे डिप्रेशन नाही, ही परिस्थिती. नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, बंदरावर आरडाओरडा सुरू झाला की ह्यातले बहुतेक आपोआप ताळ्यावर येतात. पण ज्याच्या बोटीवर खलाशी तयार, डिझेल भरलेलं, आणि हा मात्र घरात भिंतीकडे तोंड करून झोपलेला आहे, चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस, त्याच्याकडे लक्ष द्या. डॉक्टर लोकांची पट्टीही साधारण हीच आहे: रोजचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा आवडत्या गोष्टीतली गोडी जाणं, ह्यातलं एक तरी, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची तगमग, मी कवडीमोलाचा असं वाटणं, मरणाचे विचार, असं सगळं धरून नवातली पाच लक्षणं, दोन आठवडे, आणि रोजचं जगणं त्याने अडलेलं. फक्त घरात मयत झालं असेल किंवा धक्का बसला असेल तर डॉक्टर तेही जमेस धरतात, दुःख म्हणजे लगेच आजार असं कुणीच म्हणत नाही.

आता अर्धं खरं काय ते. हालचालीने, ठरवून केलेल्या कामाने फायदा होतो, हे तपासलेलं आहे, आणि तेही लांब अमेरिकेत नाही, आपल्या शेजारी गोव्यात. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि गोव्यातल्या संगत संस्थेच्या लोकांनी तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत प्रयोग केला, डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं, त्यांनी सहा ते आठ बैठकांत पेशंटला छोटी छोटी कामं ठरवून द्यायची, अडलं तर का अडलं ते बोलायचं. चांगल्यापैकी जड डिप्रेशन असलेल्यांनाही फरक पडला, 2017 मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं. पण तिथे कुणीतरी शेजारी बसून "आज फक्त अंगणापर्यंत जाऊ" म्हणत होतं, कुणी कुदळ फेकून मारत नव्हतं. एवढाच फरक आहे आणि सगळा फरक तोच आहे.

"हसतो, जेवतो, त्याला कुठलं डिप्रेशन"

पाहुणे आले की काका हसायचे. पाहुणे गेले की अर्धा तास डोळे मिटून. हसणं बघू नका, आधी काय आवडायचं आणि आता काय सुटलंय ते बघा. पुरुषांत पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिड आणि दारू दिसते (दारूने झोप लागते असं वाटतं, मन अजून खाली जातं). म्हाताऱ्यांत अंगदुखी, विसरभोळेपणा. आपल्याकडे तर "मन उदास आहे" असं कुणी सांगतच नाही, सांगतात छातीत भरून येतं, डोकं जड, पोटात आग. काका सहा महिने पित्ताचं औषध घेत होते! पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं हेही त्यातलंच, आम्ही म्हणायचो वय झालं. आणि बाळंतिणीचं हळवेपण पंधरा दिवसांत ओसरायला हवं, नाही ओसरलं तर "होतं असं" म्हणून सोडू नका.

"गोळ्या सुटत नाहीत"

इथे दोन वेगळ्या गोळ्यांची खिचडी झालीय. अल्प्राझोलामसारख्या शांत झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, खरं आहे, आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेऊन वर्षानुवर्षं खाणारी माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. डिप्रेशनच्या मुख्य गोळ्या वेगळ्या. त्यांची नशा येत नाही, तलफ येत नाही. उलट त्यांची तक्रार ही की लवकर काही जाणवतच नाही, दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा, आणि मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, मग लोक दहाव्या दिवशी सोडतात आणि सांगत सुटतात की काही उपयोग नाही. काकांनीही नवव्या दिवशी पाकीट कपाटावर टाकलं होतं. काकीने डॉक्टरला फोन केला, त्यांनी डोस जेवणानंतर घ्यायला सांगितला, तेवढ्याने निभावलं.

बरं वाटल्यावर साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करत बंद. एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असं होतं, म्हणून स्वतःच्या मनाने नाही. ज्यांना हा आजार पुन्हा पुन्हा येतो त्यांना जास्त वर्षं लागतात, हेही लपवायचं कारण नाही. आणि सौम्य आजाराला बरेचदा गोळी लागतच नाही, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने भागतं. डॉक्टर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 बघायला सांगतात कारण ह्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच गळून जातो. मध्येच कधी अतिउत्साह, झोपेशिवाय दिवसेंदिवस पळापळ, पैसे उधळणं असं झालं होतं का हेही विचारतात, ते मोकळेपणी सांगा, तसं असेल तर औषधच वेगळं असतं.

"शिक्का बसतो"

बसतो, डॉक्टर नाही मारत, आपण मारतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लागते आणि विमा कंपनीनेही ह्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. हार्टसाठी गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाताना आपण गाडीभर माणसं नेतो, मानसोपचाराला जाताना मात्र "दात दाखवायला चाललोय". आम्हीही तेच सांगितलं होतं शेजारी. थेट स्पेशालिस्टकडे जायचा धीर नसेल तर नेहमीच्या डॉक्टरपासून सुरुवात करा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तेही नको तर 14416 लावा, टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरच्याने लावला तरी चालतो.

"मरतो म्हणणारा मरत नाही"

हे वाक्य लिहिणाऱ्याला मी माफ करणार नाही. बोलून दाखवणारा माणूस मदत मागत असतो, आणि आधी बोललेली माणसं गेलेली आहेत. तसं बोलणं कानावर आलं, किंवा "माझ्यामागे तुमचं कसं होईल" अशी आवराआवर दिसली, की पंधरा दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. माणूस खाणंपिणं सोडून बसला किंवा कानात आवाज येतात म्हणाला तरीही त्याच दिवशी. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट हलकं होतं. एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीचे डबे दुसऱ्याच्या घरी हलवा, गरज पडली तर 108. आणि पोलिस केस होईल ह्या भीतीने काही झालेलं लपवू नका, त्याच 2017 च्या कायद्याने असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं असतं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

काकांना मे महिन्यात नेलं. आंबा त्या वर्षी तसाही गेलाच होता. जून अखेरीला एकदा काकी फोनवर म्हणाली, आज त्यांनी मागून बांगड्याचं तिखलं घेतलं, दोनदा. सप्टेंबरात गणपतीला अर्धी आरती वाजवली, हात दुखला म्हणून सोडली, पण कणीक काढून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात गोळ्या बंद झाल्या, त्याला आता दीड वर्ष झालं.

परवा मंडळाच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पडला तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. तासाभराने काकांचा मेसेज आला: "माझी फाइल पाठवू काय ग्रुपवर? वाचा सगळ्यांनी." अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.