खाजगी नाणी आणि अमेरिकी कायदा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'लिबर्टी डॉलर' या अमेरिकेतल्या खाजगी चांदीच्या नाण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही घेतलेल्या हरकती थोडक्यात अशा : अमेरिकेची राज्यघटना नाणी पाडायला मनाई करते ती घटक राज्यांना, नागरिकांना नाही, कॅलिफोर्नियात १८४९ नंतर खाजगी टांकसाळी उघडपणे चालत होत्या, आणि बिटकॉइन चालतं तर अस्सल चांदी का चालू नये? मी सरकारी मक्तेदारीची वकिली करतो, असंही तुम्ही म्हटलंत. ते बाजूला ठेवतो, कारण तुमचे मुद्दे वाचून कोणी खरोखर साचे करायला दिले, तर त्याच्यावर पाच वर्षांच्या कैदेची टांगती तलवार राहील. म्हणून सविस्तर लिहितो.

घटनेच्या पहिल्या कलमातला दहावा विभाग तुम्ही बरोबर वाचलात. त्यात नागरिकांचा उल्लेख नाही. पण त्याच कलमाचा आठवा विभाग नाणी पाडण्याचा आणि त्यांचं मूल्य ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, देतो. तो वापरून काँग्रेसने सर्व खाजगी नाण्यांवर बंदी घातली ८ जून १८६४ रोजी. त्याआधी स्वतःच्या घडणीचं सोन्याचं नाणं पाडणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा नव्हता. म्हणूनच उत्तर कॅरोलायनातले बेक्टलर, सॅन फ्रान्सिस्कोतली मॉफॅट कंपनी आणि डेन्व्हरची क्लार्क-ग्रूबर पेढी उघडपणे काम करू शकली. ही सगळी उदाहरणं बंदीच्या आधीची आहेत. आजच्या कायद्याविरुद्ध ती पुरावा म्हणून उभी राहत नाहीत.

शिवाय त्या टांकसाळींचा अनुभव तुम्ही समजता तितका सुखाचा नव्हता. १८५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या खाजगी नाण्यांचा कस तपासला, तेव्हा बाल्डविन कंपनीच्या २० डॉलरच्या नाण्यात सुमारे १९.४० डॉलरचंच सोनं निघालं. बातमी फुटली आणि लोक ती नाणी बट्टा लावूनच घेऊ लागले. क्लार्क-ग्रूबर प्रामाणिक होती, पण १८६० मध्ये तिने जवळजवळ हीण न मिसळता नाणी पाडली. ती इतकी मऊ होती की हाताळून झिजू लागली, म्हणून पुढच्या वर्षी हीण मिसळावं लागलं. म्हणजे खोट नियतीत नसली तरी धातूत अडचण येतेच, आणि नाणं हातात घेणाऱ्या दुकानदाराकडे कसोटी नसते.

यादवी युद्धात सुटे पैसे बाजारातून गायब झाले, तेव्हा व्यापाऱ्यांनी तांब्याचे टोकन काढले. टोकन परत घेऊन त्याचे पैसे देण्याची सक्ती कुणावर नव्हती, त्यामुळे काढणाऱ्याने हात वर केले की तोटा शेवटच्या धारकाच्या माथी. एप्रिल १८६४ मध्ये आधी एक आणि दोन सेंटच्या टोकनांवर बंदी आली, मग जूनमध्ये सगळ्यांवर.

हीच बंदी आज संघीय कायदेसंहितेच्या अठराव्या, म्हणजे फौजदारी, शीर्षकाखाली कलम ४८६ म्हणून आहे. चलती पैसा म्हणून वापरण्याच्या हेतूने सोनं, चांदी, इतर धातू किंवा मिश्रधातूचं नाणं पाडणं किंवा चालवणं हा गुन्हा आहे, मग ते सरकारी नाण्यासारखं दिसो वा पूर्णपणे स्वतःच्या घडणीचं असो. 'आमची घडण वेगळी होती' हा बचाव कलमाच्या शब्दांतच संपतो. 'चांदी शुद्ध होती' हाही चालत नाही, कारण कलमात शुद्धतेचा प्रश्नच नाही. माझ्या मते टीका करण्यासारखी जागा हीच आहे : प्रामाणिक आणि लबाड दोघे एकाच तराजूत तोलले जातात. पण त्यावर इलाज काँग्रेसकडून दुरुस्ती करून घेणं हा आहे.

आता लिबर्टी डॉलर. सुरुवातीला एक औंस चांदीवर १० डॉलरची दर्शनी किंमत होती, तेव्हा चांदीचा भाव औंसाला साधारण पाच डॉलर होता. नाण्यावर डॉलरचं चिन्ह, 'लिबर्टी', 'यूएसए' आणि 'ट्रस्ट इन गॉड' ही अक्षरं होती. योजनेच्या सदस्यांना ती सवलतीत मिळत, आणि दुकानात १० डॉलर म्हणून पुढे करायला प्रोत्साहन दिलं जाई. टांकसाळ खात्याने सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर इशारा दिला, नोव्हेंबर २००७ मध्ये इव्हान्सव्हिलमधल्या लिबर्टी डॉलरच्या कार्यालयावर एफबीआयचा छापा पडला, आणि मार्च २०११ मध्ये ज्युरीने ही नाणी काढणारे बर्नार्ड फॉन नॉटहाउस यांना दोषी ठरवलं. शिक्षा झाली डिसेंबर २०१४ मध्ये : सहा महिने घरकैद आणि तीन वर्षं परिवीक्षा (प्रोबेशन). दोष चांदी विकण्याचा नव्हता. दर्शनी किंमत, सरकारी नाण्याशी साम्य आणि दुकानातला वापर या तिन्हींतून हेतू सिद्ध झाला.

मग कायदेशीर काय? चांदीची गोल वडी पाडून विकता येते, रोज विकली जाते. तिच्यावर फक्त वजन आणि शुद्धता लिहा : एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ कस. डॉलरचं चिन्ह नको, रकमेचा आकडा नको, देशाचं नाव नको. व्यास चालू नाण्यांजवळ जाऊ देऊ नका, क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, २४.२६ मिलिमीटरचा असतो, एक औंसाच्या वड्या साधारण ३९ मिलिमीटरच्या असतात. किंमत त्या दिवसाच्या भावाने ठरवा. विकताना आणि जाहिरातीत 'पैसा', 'चलन', 'दुकानात खर्चा' असे शब्द कटाक्षाने टाळा, कारण खटल्यात हेतू तुमच्याच पत्रकांतून दाखवला जातो. दोघांनी आपसांत ठरवून वस्तूच्या बदल्यात चांदी दिली-घेतली तर तो विनिमय आहे, गुन्हा नाही. २७ ऑक्टोबर १९७७ नंतरच्या करारांत सोन्यात फेड करण्याची अटही चालते. कर मात्र बाजारभावाने लागतो. पगार सोन्याच्या नाण्यांत देऊन दर्शनी किमतीने हिशेब दाखवणाऱ्या लास व्हेगासच्या एका ठेकेदाराला २००९ मध्ये करचुकवेगिरीत दोषी ठरवण्यात आलं, आणि त्याची नाणी तर सरकारीच होती.

कागदी स्थानिक चलनाला कलम ४८६ लागूच होत नाही, कारण ते धातूपुरतं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावातले 'अवर्स' १९९१ पासून आणि मॅसॅच्युसेट्समधले 'बर्कशेअर्स' २००६ पासून चालले ते यामुळे. त्यांनाही एक मर्यादा आहे : कलम ३३६ प्रमाणे एक डॉलरहून कमी रकमेची खाजगी नोट पैसा म्हणून फिरवता येत नाही.

बिटकॉइनचं उत्तर त्यातच आहे. ते धातू नाही, त्यामुळे नाण्यांचा कायदा त्याला शिवत नाही. पण दुसरे कायदे आहेत. 'कॅसेशियस' या नावाने धातूच्या चकतीत बिटकॉइनची खाजगी किल्ली (ते खर्च करण्यासाठी लागणारा गुप्त संकेतांक) बसवून विकणाऱ्याला २०१३ मध्ये अर्थखात्याच्या फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाने कळवलं की हा पैसे पाठवण्याचा व्यवसाय ठरतो आणि त्यासाठी नोंदणी लागते. त्याने भरलेल्या चकत्या विकणं थांबवलं.