सरासरी झोप

‘विमानतळ अगदी जवळ आहे’ हा आमच्या घराचा मोठा गुण म्हणून मला सांगण्यात आला होता आणि मीही तो मान डोलावून ऐकून घेतला होता, हे आधीच कबूल केलेले बरे. पहिल्याच रात्री पावणेदोन वाजता खिडकीच्या काचा दात वाजवू लागल्या आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यावरचे झाकण थरथरत कडेकडे सरकू लागले, तेव्हा ‘जवळ म्हणजे किती’ हे विचारायचे राहून गेल्याचे माझ्या लक्षात आले.

आता ते मला नेमके ठाऊक आहे. उतरणारे विमान सहसा तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर असलेल्या आमच्या घरावरून ते साधारण १७० मीटर उंचीवरून जाते. हे गणित मी अंथरुणात बसून केले आहे. शाळेत ज्या भूमितीने मला कधी जवळ केले नाही, ती आता रात्री दोन वाजता आपण होऊन येते.

आवाज इंजिनाचाच असतो, हाही माझा गैरसमज होता. उतरताना इंजिन बरेचसे शांत असते. गोंगाट करतात ती बाहेर काढलेली चाके आणि पंखांच्या खाली सोडलेल्या झडपा. एअरबस ए-३२०च्या पंखाखाली तर काही गोल छिद्रे असतात आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी वाऱ्याने त्यांची शिट्टी वाजते. लुफ्तान्साने २०१४ पासून आपल्या विमानांवर या छिद्रांपुढे लहानसे तुकडे बसवून ती शिट्टी बंद करायला घेतली. हे वाचल्यापासून शिट्टी ऐकू आली, की ‘याने अजून बसवलेले नाहीत’ असे मी अंधारात मोठ्याने जाहीर करतो. “अहो, विमान गेलं. आता तुम्हीही गप्प बसा,” असे शेजारून उत्तर येते.

आमचे भांडणही आता विमानांच्या सवडीने चालते. परवा रात्री पत्नी “तुमच्यापेक्षा तर...” एवढे बोलली आणि विमान आले. ती थांबली, मीही थांबलो आणि दोघेही छताकडे पाहत राहिलो. आवाज ओसरला तेव्हा पुढचे वाक्य ती विसरून गेली होती आणि पाच मिनिटांत घोरूही लागली. मी मात्र ‘तुमच्यापेक्षा तर’च्या पुढे कोण कोण येऊ शकते, याची यादी करत पहाटेपर्यंत जागा राहिलो.

शेवटी मी विमानतळाच्या कार्यालयात रीतसर तक्रार केली. रात्रीच्या आवाजाची सरासरी पातळी मर्यादेत असल्याचे तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली विमानांचा रात्रीचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या खाली असावा असे म्हटले आहे, हे मी त्यांच्या कानावर घातले. त्यावर “ती शिफारस आहे,” असे ते तितक्याच सौजन्याने म्हणाले. वाद घालण्यासारखे काही नव्हते. सरासरीच काढायची, तर मीसुद्धा रात्रभर गाढ झोपलेलाच असतो, कारण आठ तासांत बारा वेळा दचकलो तरी प्रत्येक दचकणे फार तर मिनिटभराचे असते.

मग मी वाऱ्यावर भरवसा ठेवला. विमाने वाऱ्याला सामोरी उतरतात आणि उडतातही तशीच. त्यामुळे वारा फिरला की धावपट्टीची दिशा उलटते आणि आमच्याकडे उतरणारी विमाने पलीकडच्या वस्तीवरून उतरू लागतात. आमच्या वाट्याला येतात ती उडणारी. त्यांचा गडगडाट मोठा असतो, पण ती आमच्यावर येईपर्यंत पुष्कळ उंच गेलेली असतात आणि वळूनही जातात, म्हणून माझा कौल त्यांनाच आहे. झोपण्यापूर्वी गच्चीवरच्या काठीला बांधलेला रुमाल कुणीकडे फडफडतो ते मी पाहून येतो. पलीकडच्या वस्तीतही असाच एखादा गृहस्थ रुमाल बांधून उलट्या वाऱ्याची प्रार्थना करत असणार, याविषयी मला शंका नाही.

काल वारा फिरला. त्या गृहस्थाच्या छतावरून शिट्टी वाजवत जाणारी विमाने कल्पनेने मोजता मोजता मला इतका आनंद झाला, की साडेतीन वाजले तरी डोळ्याला डोळा लागला नाही.