पुरावा पोटरीचा, क्लिप कानाला

कोथरूडमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या हा फॉरवर्ड फिरतोय: ‘कानाला क्लिप लावून वीस मिनिटं पडून राहा. व्हेगस नर्व्ह रिसेट होते. फायब्रोमायल्जिया मुळापासून बरा! अमेरिकेत मान्यता, साइड इफेक्ट शून्य, गोळ्या बंद.’ फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दुखत राहणारा, थकवा आणणारा जुनाट आजार; व्हेगस ही मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस, आणि क्लिप तिला सौम्य वीज देणारी.

‘अमेरिकेत मान्यता.’ तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२२ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी ‘क्वेल’ या सौम्य वीज देणाऱ्या पट्ट्याला परवानगी दिली, हे खरं. पण क्वेल बांधतात पोटरीवर. परवानगीही लक्षणं कमी करायला मदत म्हणून, आजार बरा करायला नव्हे. पोटरीचं सर्टिफिकेट कानाला कसं चालेल?

‘पडून राहा.’ मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. फायब्रोमायल्जियावरच्या अशा विजेच्या उपायांतली नाव घेण्यासारखी चाचणी २०२० ची, आयोवा आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठांची, ३०१ बायकांवर. मशीन साधं टेन्स, म्हणजे कातडीवरच्या पॅडमधून सौम्य वीज सोडणारं, आपल्याकडे फिजिओ लावतात तेच. मानेच्या मागे आणि कमरेवर पॅड, रोज दोन तास, तेही हिंडता-फिरता, घरकाम करताना. चार आठवड्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या खऱ्या मशीनवाल्या ७० टक्के, काहीच न मिळालेल्या ९ टक्के. आणि ज्यांचं मशीन थोडा वेळ मुंग्या आणून गुपचूप बंद पडत होतं, त्यांच्यातल्याही ३१ टक्के! ग्रुपवरच्या ‘मला फरक पडला’ला किती वजन द्यायचं, ते यावरून ठरवा. चाचणीत मुख्यतः मोजलं आणि उतरलं, ते दुखणंही हालचाल करतानाचं.

‘मुळापासून बरा’ असं त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही. कानाच्या खळग्यात व्हेगसची फांदी असते, तिच्यावर छोटे अभ्यास झालेत. पण ‘रिसेट’ हा शब्द मोबाइल दुकानातला.

‘साइड इफेक्ट शून्य.’ पॅडखाली कातडी लाल होते, खाजते. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावायचेच नाहीत.

‘गोळ्या बंद’ हा तर धोकादायक सल्ला. त्या चाचणीतल्या बायकांची औषधं चालूच होती. या आजारात देतात ती ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी औषधं एकदम सोडली की गरगरतं, मळमळतं, झोप उडते. कमी करायची तर डॉक्टरांकडून, टप्प्याटप्प्याने.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ठामपणे शिफारस आहे ती एकाच उपायाची, व्यायामाची. त्यामुळे टेन्स घ्यायचंच असेल तर पॅडच्या जागा फिजिओकडून नीट समजून घ्या, आणि मशीन चालू करून आडवं होण्याऐवजी कमला नेहरू पार्कला झेपेल तेवढी चक्कर मारा.