रिकामी खाट म्हणजे तोटा नव्हे!

साथ ओसरली की खासगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनाची पहिली कात्री कशावर? संसर्गजन्य रुग्णाला वेगळं ठेवायच्या आयसोलेशन खोलीवर. रिकामी दिसते, म्हणून तिची डीलक्स रूम! अहो, त्या खोलीत तासाला 12 वेळा हवा बदलावी लागते, दाब बाहेरच्यापेक्षा किमान 2.5 पास्कल कमी ठेवावा लागतो. एक्झॉस्ट काढून स्प्लिट एसी लावला की तीच दूषित हवा आत फिरते आणि दार उघडलं की कॉरिडॉरमध्ये येते. गोवराचा विषाणू हवेत 2 तासांपर्यंत टिकतो. एक रुग्ण पुरे.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा पीएसए प्लांट वीजबिलापायी महिनोन्‌महिने बंद. त्यातलं नायट्रोजन शोषणारं झिओलाइट ओलावा धरतं, मग ऐन वेळी 93 टक्के शुद्धता मिळत नाही. हाय फ्लोवरचा, म्हणजे नळीतून नाकात जोरात ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावरचा एक रुग्ण मिनिटाला 60 लिटरपर्यंत घेतो हो!

मास्कचा साठा म्हणजे व्यवस्थापनाला अडकलेला पैसा, म्हणून चार दिवसांपुरताच. साथीत सगळेच एका पुरवठादाराच्या दारात. एन95 नीट बसतो का, ही चाचणी झालेल्या नर्सचं कंत्राट संपतं, नवी येते, चाचणी राहूनच जाते. 2020 साली राज्य सरकारला खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांवर नियंत्रण आणावं लागलं. इतक्यात विसरलात?