फ्रीझरमधला गुडघा

१९८४ साली डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात १६५ लिटरचा फ्रिज आला, तेव्हा स्वयंपाकघरात त्याला जागाच नसल्यामुळे त्याची प्रतिष्ठापना बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल अशा बेताने झाली. त्याच्या फ्रीझरमध्ये बर्फाचे दोन ट्रे मावत, आणि आमच्या गरजाही दोन ट्रेंपलीकडे गेलेल्या नव्हत्या. उलट बर्फाची खरी गरज शेजाऱ्यांना होती. मे महिन्यात संध्याकाळी मजल्यावरची मुले पातेली घेऊन दारात उभी राहत आणि आई त्यांना प्रत्येकी चार खडे अशा हिशेबाने वाटप करीत असे.

त्या फ्रीझरला बर्फ करण्यापेक्षा बर्फ साचवण्याचीच हौस अधिक होती. पंधरा दिवसांत त्याचे तोंड इतके आकसत असे की आत गेलेला ट्रे बाहेर काढताना ओढाताण होई. उपाय सोपा होता : थर्मोस्टॅटच्या मधोमध असलेले बटण दाबायचे, खाली ताट ठेवायचे आणि वाट पाहायची. परंतु वाट पाहणे हा वडिलांचा प्रांत नव्हता. त्यांनी एका रविवारी उलथन्याने बर्फ खरवडायला घेतला, तेव्हा 'फुस्स' असा आवाज झाला आणि नळीला पडलेल्या भोकातून फ्रिजमधला सगळा गॅस निघून गेला. दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत दोन महिने आम्ही त्या फ्रिजचा कपाट म्हणून उपयोग केला, आणि वडिलांच्या समक्ष उलथन्याचा उल्लेख करणे सर्वांनी कटाक्षाने टाळले.

माझ्या लग्नानंतर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर, २६० लिटरचा दोन दारांचा फ्रिज आला. त्यात साचलेला बर्फ ठरावीक काळाने आतलाच हीटर वितळवतो, हे कळल्यावर मी निश्चिंत झालो. पण बर्फाने सोडलेली जागा हिने ताब्यात घेतली. जानेवारीत मटार स्वस्त झाला की दहा किलो शेंगा घरी येत, रविवारभर सर्वांनी त्या सोलायच्या, दाणे दोन मिनिटे उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात टाकून मग पिशव्यांत भरायचे, असा शिरस्ता पडला. मेमध्ये हापूसचा रस, गणपतीच्या आधी खवलेला नारळ, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये बर्फ सोडून बाकी सर्व काही. एकदा पाहुण्यांच्या कोकम सरबतात मी मोठ्या अगत्याने आले-लसणाच्या वाटणाचे दोन दोन खडे सोडले. पाहुणे सभ्य होते. त्यांनी ग्लास संपवले, मात्र त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. (ही जागा वाचवण्याचीही एक पद्धत आहे, असे हिचे मत पडले.) त्याच सुमारास चिरंजीवांनी सोड्याची काचेची बाटली लवकर गार व्हावी म्हणून फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हा धडा आम्ही मटारातून काचा वेचता वेचता शिकलो.

मुलगा बंगळूरला आणि मुलगी जर्मनीला गेल्यावर, म्हणजे घरात दोनच माणसे उरल्यावर, आम्ही ३४० लिटरचा फ्रिज घेतला. यामागचे तर्कशास्त्र मला विचारू नये. त्यातील रस मुलांसाठी राखीव असल्यामुळे आम्हाला खाता येत नाही, आणि मुले मधुमेहाची लेक्चरे देत येत असल्यामुळे तेही खात नाहीत. उरलेल्या जागेत माझा गुडघा असतो. डॉक्टरांनी सूज आली की कापडात गुंडाळलेली गोठलेल्या मटाराची पिशवी पंधरा मिनिटे ठेवायला सांगितली आहे. दाणे सुटे असल्यामुळे ती गुडघ्यावर नीट बसते. सतत वितळून पुन्हा गोठणारा तो मटार चुकून खाण्यात येऊ नये, म्हणून मी पिशवीवर ठसठशीत अक्षरांत 'गुडघा, डावा' असे लिहून ठेवले होते.

गेल्या दिवाळीत मुलाने हौसेने मटारभात केला. भात उत्तम झाला होता, दाणे थोडे मऊ होते, एवढेच. जेवणानंतर मी बर्फाचा कप्पा उघडला, तेव्हा पिशवी नव्हती.

"अरे, त्यावर लिहिले होते ना?" मी विचारले.

"हो बाबा," तो म्हणाला, "मला वाटले, आईने मटणाचे काहीतरी ठेवले असेल. उघडून पाहिले तर मटार निघाला."