अन्वर अलीने खेळायचं की नाही, हे कोणी ठरवायचं?

भारताच्या बचावफळीत अन्वर अली खेळतो, तेव्हा किती जणांना आठवतं की विशी गाठायच्या आधीच या पोराचं फुटबॉल संपल्यात जमा होतं?

पंजाबातल्या आदमपूरचा अन्वर 2017 मध्ये आपल्याकडे झालेला सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. पुढे मुंबई सिटी क्लबात आला आणि 2019 मध्ये वैद्यकीय तपासणीत निदान झालं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाचा स्नायू जाड होतो. आजार बहुतेकदा आनुवंशिक. माणूस धडधाकट दिसतो, नव्वद मिनिटं पळतो, आणि एखाद्या दिवशी ठोक्यांची लय बिघडून जागच्या जागी कोसळू शकतो. किंवा आयुष्यभर काहीच होत नाही. डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत.

2020 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लबाने त्याला घेतलं, तर भारतीय फुटबॉल महासंघाने सरावही थांबवायला लावला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

महासंघाची भीती खोटी नव्हती. 2004 च्या फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, बंगळूरला, गोव्याच्या धेंपो क्लबाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दोन गोल करून मैदानात कोसळला आणि गेला. गोव्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण म्हणून ज्याला दुसरं काही येत नाही अशा पोराला नुसतं ‘थांब’ म्हणायचं? हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. धोका नीट समजावून सांगा, तज्ज्ञांकडून पुन्हापुन्हा तपासा. त्यानंतर सज्ञान खेळाडू ‘मी खेळणार’ म्हणाला, तर तो निर्णय त्याचाच. जीव त्याचा आहे.

अन्वर 2021 मध्ये परतला. मग एफसी गोवा, 2022 मध्ये भारताची जर्सी आणि त्याच जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध सुरुवातीलाच गोल! त्या गोलाला मी घरात ओरडलो होतो.

मात्र निर्णय खेळाडूचा म्हटलं, की तयारीची जबाबदारी आयोजकांवर येते, आणि इथे आपण फार कच्चे आहोत. 2021 मध्ये झालेल्या युरो या युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन हृदय थांबून कोसळला. तो वाचला, कारण छाती दाबणारी माणसं आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाची लय परत आणणारं यंत्र, तिथेच होते. आपल्याकडे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत, शाळेच्या क्रिकेटमध्ये ते यंत्र कुठे दिसतं? ट्रॉफ्या, डीजे, पाहुण्यांचे सत्कार, सगळ्याला पैसे निघतात. पोरांचा साधा ईसीजी काढायला निघत नाहीत. खेळताना चक्कर आली की ‘सकाळी खाल्लं नसशील’ म्हणून परत मैदानात पाठवतात.

तुमच्या गावात या मोसमात स्पर्धा असेल, तर वर्गणी देताना आयोजकांना डिफिब्रिलेटरचं जरूर विचारा.